हादरे

चहा सांडला की अण्णा सायकलला लावलेल्या इंजिनाला शिव्या घालायचे. "दिवसभर हादरे देतंय लेकाचं! हात थरथरणार नाहीत तर काय?"

शेवटी त्यांच्या गॅरेजवाल्या लेकीने इंजिन उघडलं. त्यातला फिरता दांडा, क्रँकशाफ्ट, दोन पात्यांच्या धारेवर आडवा ठेवला की जड बाजू आपोआप फिरून खाली यायची; हादरे त्यानेच बसत होते. तिथलं लोखंड ती ड्रिलने थोडं थोडं कमी करत गेली. अखेर तो सोडेल तिथे स्थिर राहायला लागला.

अण्णा चक्कर मारून आले. "लोण्यासारखी चालतेय गं!" म्हणत त्यांनी इंजिन बंद केलं.

हँडलवरची घंटी मात्र किणकिणतच राहिली. त्यांचे हात अजून हँडलवरच होते.

"होतं तसं करून दे, बाळ," अण्णा हळूच म्हणाले. "तुझ्या आईला आता काय कारण सांगू?"