कारणासह

"शिक्षा झाली होती, हे टाइप केलं," मोहिद्दीन म्हणाला. "आता कारण सांगा, वलीभाई."

"किरकोळ होतं."

"किरकोळ काय? अर्जात छापलंय, कारणासह लिहा."

वलीनं रुमालानं मान पुसली. आखातातल्या देऱ्याच्या बाजारातलं हे दुकान म्हणजे एक टेबल आणि एक टाइपरायटर. शेजारी शिंपी, मधे नुसत्या फळ्या. शिवाय मोहिद्दीनच्या बहिणीनं गेल्याच शुक्रवारी आपल्या मुलासाठी वलीच्या कुबराला मागणी घातली होती. मुंबईच्या मेडिकल कॉलेजला लेकीचं काय कळायचं ते कळो, वलीची ना नव्हती. पण ते मुंबईला जाण्याआधी मोहिद्दीनच्या कानांतून जायचं होतं, आणि टाइप करून देणारं दुसरं माणूस त्याच्या ओळखीत नव्हतं.

"होस्टेलमधली गोष्ट आहे," तो पुटपुटला. "खाण्यापिण्यावरून."

"अब्बा!" बाकावर बसलेली कुबरा म्हणाली. "दॅट्स नॉट ट्रू."

"तू थांब गं."

"मोठ्यानं बोला," मोहिद्दीन वैतागला. "शिंप्याच्या मशीनपुढं काही ऐकू येत नाही. खाण्याचं काय? चोरी केली?"

"तोबा! चोरी कसली?"

"मग? यल्ला, आटपा, वलीभाई. डाक आज जाते. आज अर्ज गेला नाही, तर खलास."

"लिहा, नियम मोडला."

"कुठला?"

"होस्टेलचा."

"होस्टेलचाच असणार. मुलगी तिथं राहत होती, बंदरावर नाही!"

कुबरा उठून टेबलापाशी आली. तिच्या जुन्या कॉलेजच्या प्रिन्सिपॉलांनी सगळं प्रकरण मेडिकल कॉलेजला आधीच कळवलं होतं. अर्जात वेगळं दिसलं, की जागा गेली. घरून निघेपर्यंत ती बापाला हेच सांगत होती.

"चाचा, मी सांगते ते लिहा," ती मशीनच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली. "लॅबमध्ये बेडूक मुलांनी कापायचा आणि मुलींनी बघायचं, असं चाललं होतं. म्हणून मी एक बेडूक बुरख्यातून होस्टेलवर नेला आणि मेसच्या ताटात कापला!"

पलीकडं शिंप्याचं मशीन थांबलं.

मोहिद्दीननं चष्मा वर सरकवला. "जेवायच्या ताटात?"

"हो."

"नंतर धुतलंस ना?"

"फिनेल घालून."

"हेही टाकू का, वलीभाई?"

"खलास करा ना, मोहिद्दीनभाई!" वली ओरडला.

टाइपरायटर खडखडू लागला. फळ्यांपलीकडं कुणीतरी हसलं, मग शिंप्याचंही मशीन सुरू झालं.

अर्ज पाकिटात गेला, पाकीट डाकेत पडलं. नक्कल कुबराकडं होती. तरी वली पुन्हा दुकानात आला, टेबलावरचा निळा कार्बन कागद उचलून उजेडाकडं धरला. शब्द न् शब्द वाचता येत होता. त्यानं घडी घालून कार्बन सदऱ्याच्या खिशात टाकला.

"अहो, अजून चालला असता तो!" मोहिद्दीन म्हणाला.

"नवा आणून देतो."

खाडी ओलांडायला बापलेक अब्रात बसली. होडीवर सावली नव्हती. दोघंही घामानं निथळत होती.

"अब्बा, खिसा," कुबरा हळूच म्हणाली.

पांढऱ्या सदऱ्यावर निळं उमटू लागलं होतं. वलीनं त्यावर तळवा घट्ट दाबून धरला. "काही नाही. तू पुढं बघ."

अब्रा सुटता सुटता एक जण उडी मारून आत आला आणि समोरच्या फळीवर बसला. मोहिद्दीनचा मेव्हणा, अलीमियाँ. मुलाचा बाप.

"सलाम वालेकुम, वलीभाई!"

वलीनं सवयीनं तोच हात उचलून कपाळाला लावला. हात खाली आला, तेव्हा कपाळावर चार निळी बोटं होती.