कणभर पिवळं

लॅबमध्ये मला मागून ‘घार’ म्हणतात. आमचं काम किचकट. द्रावणात वीज सोडली की दोन्ही टोकांना झाकण असलेला क्विनोन नावाचा रेणू मिळतो. मग थेंबथेंब आम्ल घालून त्यातलं एकच झाकण उतरवायचं. दुसरं निघायला लागलं की रंगहीन द्रावणाला पिवळी छटा येते. त्याच क्षणी सोडा घालून थांबवलं नाही, तर सगळी मेहनत पाण्यात. ती छटा इतरांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. मला आधी दिसते. म्हणून हल्ली रविवारीसुद्धा फ्लास्कवर डोळे लावून बसायचं काम माझ्याच गळ्यात.

सकाळी नवरा उठायच्या आत मी बाहेर पडते. संध्याकाळी परतते तेव्हा डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. हल्ली तो दिवा लावतच नाही. “पड जरा, डोळ्यांना आराम दे,” म्हणतो आणि अंधारातच चहाचा कप हातात देतो. इतक्या वर्षांनी शहाणपण सुचलं, असं मी त्याला चिडवलंही.

आज तो ऑफिसात चक्कर येऊन पडला. दवाखान्यात डॉक्टरांनी त्याची पापणी खाली ओढली. डोळा पिवळाधमक.

“ही कावीळ आजची नाही. बरेच दिवस अंगावर काढलंय. घरात कुणाला दिसलं नाही?”

तोच म्हणाला, “हिला बघताक्षणी दिसलं असतं, डॉक्टर. पण आधीच इतकी दमून येते... म्हणून तर ही यायच्या आत मी दिवा मालवायचो.”