सोमवारची बैठक

आमच्या खान्देशातल्या प्राध्यापकांची एक संशोधन पत्रिका निघते. तिच्यात कोणता लेख घ्यायचा ते आम्हा पाच जणांची समिती ठरवते. निव्वळ सेवा म्हणून, असं अध्यक्ष हितेंद्र सर प्रत्येक भाषणात सांगतात. बैठक मात्र ते मुद्दाम सोमवारी सकाळीच ठेवतात, कारण सोमवारी दुपारपर्यंत माझं मौनव्रत असतं.

या सोमवारी त्यांनी बोदवडच्या मृणालीचा लेख बाजूला सारला. दोन्ही परीक्षकांनी तो पसंत केला होता, आणि तो छापून आला तरच तिचा प्रबंध पुढे सरकणार होता. त्या जागी सरांनी स्वतःच्या सुनेचा लेख घेतला.

"परीक्षक कशाला? घरचाच लेख आहे," सर म्हणाले. "काय अक्का, हरकत आहे का काही? असेल तर बोला बरं!"

सगळे हसले. मी जपमाळ ओढत राहिले.

"चला, एकमताने मंजूर!"

संध्याकाळी सरांनी नेहमीसारखी न वाचताच इतिवृत्तावर सही ठोकली, आणि ते पत्रिकेच्या दोनशे सभासदांच्या फोनवर गेलं.



मौन माझ्या जिभेचं असतं. इतिवृत्त मीच लिहिते, शब्दन् शब्द, कोण कोण हसलं त्यासकट.