पूर्ण एक मिनिट

मागच्या खेपेला मंजुषाने नाडी न मोजताच ‘ऐंशी’ लिहिलं आणि सरांनी तिला मेडिसिनच्या पोस्टिंगमध्ये नापास केलं. वडिलांनी मालेगावच्या बाजारातून सेकंदकाट्याचं घड्याळ आणून दिलं. आज पुन्हा तोच वॉर्ड, तेच सर. अनसिंगच्या पंचफुलाबाई भोवळ येऊन भरती झालेल्या. त्यांच्या कागदावर आधीच्या तिघा विद्यार्थ्यांनी ‘ऐंशी’च लिहिलेलं. मंजुषाने मनगट धरलं. “काहून वं पोरी, इतका येळ हात धरून राह्यली?” “मोजून राह्यली, आजी. बोलू नोका.” मिनिट संपलं. “सर, अडतीस.” शेजारी उभे असलेले ते तिघेही फिसकन हसले. सरांनी आजींचं मनगट धरलं, मंजुषापुढे हात केला, “घड्याळ दे तुझं.” काट्यावर नजर ठेवून त्यांनी पूर्ण मिनिट मोजलं. “अडतीसच. आजींना आयसीयूत हलवा, ताबडतोब.” घड्याळ परत देत सर त्या तिघांना म्हणाले, “उद्यापासून नाडी मोजायला हिच्याकडून शिकायचं.”