बिनखिशाचा झगा

नवे कार्डिनल दुकानात शिरले, तरी शिंप्याने काजावरची नजर काढली नाही. तीस वर्षं त्यांचे पांढरे झगे त्यानेच शिवले आणि नेमका मानाचा लाल झगा परदेशातून शिवून आला, हे त्याला झोंबलं होतं. “मास्तर, फजिती झाली!” पिशवीतून तोच झगा काढत ते म्हणाले. “काल इस्पितळात पोरांनी नेहमीसारखं चॉकलेटसाठी चाचपलं, तर याला खिसेच नाहीत! एक चिमुरडी म्हणाली, हे आपले फादर नाहीतच.” “कार्डिनलसाहेबांना कशाला हवेत खिसे?” शिंपी गुरगुरला. “मग चॉकलेटं टोपीतून वाटू?” शिंप्याला हसू फुटलं. त्याने खालचा खण ओढला. त्यात त्यांच्या कार्डिनलपदी निवडीच्या दिवशीच आणून ठेवलेला लाल कपडा होता. कार्डिनल तो उलगडत गेले. चांगला पाच मीटर भरला. “खिशांसाठी एवढा?” शिंपी घाईघाईने सुईत दोरा ओवू लागला. “तुम्हाला खिसे मोठेच लागतात, फादर.”