पहिली हाक

शुभंकरनं आमच्या सर्जापूर रोडच्या फ्लॅटला आवाज ओळखणारं कुलूप बसवून घेतलं. पसंत पडलं तर ठेवायचं, नाहीतर कंपनी परत नेणार होती. घरातल्या सगळ्यांचे आवाज त्यात भरून झाले.

“आई, आता किल्ली विसरलीस तरी चालेल. एक हाक मारली की दार उघडतं.”

“एकाच हाकेला?”

मी त्याला मल्लेश्वरमच्या जुन्या घराची आठवण करून दिली. तेव्हा तिथल्या दारादारावर, भुतानं वाचून परत जावं म्हणून, खडूनं कानडीत ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असं लिहिलेलं असायचं. बाहेरचं ते घरच्या माणसाच्या आवाजात हाक मारतं, पण एकदाच, असं सगळे म्हणत. म्हणून दुसरी हाक आल्याशिवाय मी दार उघडत नसे.

“माहितीये. शाळेतून आलो की मला दोनदा ओरडायला लागायचं,” तो हसला.

“मला नको हे कुलूप.”

“बरं बाई, उद्या परत पाठवतो.”

दुपारी आम्ही जेवायला बसलो. नात शाल्मली माझ्या शेजारी भात कालवत होती. तेवढ्यात बाहेरून तिचाच आवाज आला, “आजी, दार उघड.”

कोणी हललं नाही. मी दुसऱ्या हाकेची वाट पाहिली.

कुलपानं पाहिली नाही.