गरब्यानंतर

"काका, एकच कन्फर्म करायचंय," फोनवरची पत्रकार मुलगी म्हणाली, "गरबा खेळून आल्यावरच काकू गेल्या ना?"

सुधीर दातारांना हल्ली फोन कानाला धरून नीट ऐकू येत नसे, म्हणून तो स्पीकरवर होता. स्वयंपाकघरात लेक श्रिया त्यांच्यासाठी आणलेले डबे फ्रीजमध्ये लावत होती. तिचा हात थांबला.

"दुसऱ्या दिवशी सकाळी गेली," सुधीरराव म्हणाले.

"म्हणजे नंतरच ना! नवरात्र तोंडावर आलंय, म्हणून आम्ही स्टोरी करतोय. गरबा आणि हार्ट अटॅक."

"तिचं हृदय ठणठणीत होतं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. डॉक्टर म्हणाले, ती कित्येक वर्षं फुगत आली होती, झोपेतसुद्धा फुटली असती. त्या सकाळी सरोजने पोहे केले, कुंड्यांना पाणी घातलं. मग पोह्यांमुळे गेली असं का नाही छापत?"

"पोह्यांची बातमी होत नाही, काका," ती मुलगी म्हणाली. त्यांनी फोन बंद केला.

पहिली बातमी तीन वर्षांपूर्वीची. 'लेकीच्या हट्टापायी गरबा. आईने गमावला जीव.' श्रियाच्या घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत ती ग्रुपवर फिरली होती. तेव्हापासून नवरात्र आलं की श्रिया कुठेतरी बाहेरगावी निघून जाई. नौपाड्यात बाबांकडे यायची, डबे द्यायची, पण टेकायची नाही. आईचं नाव काढायची नाही.

आत्ताही ती बाहेर आली ती पर्स खांद्याला लावूनच.

"निघते बाबा. पुढे ट्रॅफिक लागेल."

"बस जरा."

"ओढलं तर मीच होतं तिला," ती दाराकडे बघत म्हणाली. "ती नको नको म्हणत होती."

डॉक्टरांचं म्हणणं सुधीररावांनी तिला आजवर किती वेळा ऐकवलं होतं. आज ते त्यांच्या तोंडून निघेना. निघालं ते वेगळंच.

"त्या रात्री ती तुझ्याकडून परत आली तेव्हा माझा डोळा लागला होता. सकाळी चेहरा असा फुललेला! मी विचारलं, काय गं, काय झालं काल? तर म्हणाली, आधी गरम आहेत तोवर खाऊन घ्या, मग सगळं सांगते." ते थांबले. "ती गेली कशी, हे मला जो तो सांगतो. ती नाचली कशी, हे कुणी सांगितलंच नाही गं. तू होतीस तिथे."

श्रिया दारापासून मागे वळली.

"वाईट नाचत होती," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"टाळी चुकायची. सगळ्या पुढे जायच्या आणि ही मागे वळायची. एका बाईला जाऊन धडकली. सॉरी राहिलं बाजूला, तिचेच हात धरून फुगडी घालायला लागली."

"गरब्यात फुगडी?"

"हो ना! डीजेवाला बघतच राहिला. मी म्हटलं, आई, पुरे आता. तर मलाच म्हणते, तू हो बाजूला."

सुधीरराव खुर्चीच्या कडेला सरकून बसले होते. "आणि वळायची कशी म्हणालीस?"

श्रियाने पर्स खाली ठेवली. टीपॉय भिंतीकडे सरकवला, ओढणी कमरेला खोचली. एक टाळी दिली, दुसरी मुद्दाम उशिरा दिली, आणि दोन्ही हात हवेत तसेच ठेवून उलट्या बाजूला गर्रकन वळली.

"पुन्हा," सुधीरराव म्हणाले.